डोंगराआडचा तारकागुच्छ

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत जे. पी. नगर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ह्या व्यासपीठावरून माझ्यापूर्वी जी मंडळी बोलून गेली ती सर्व आपापल्या विषयांतील अधिकारी होती. मीही अधिकारीच आहे; परंतु केंद्र सरकारच्या लेखापरीक्षण खात्यातला. पदवी म्हणाल तर मराठी विषय घेऊन मिळवलेली बी. ए. ची, आणि गणिताशी संबंध दुसऱ्यांच्या बेरजांतील चुका काढण्यापुरता. तेव्हा आकाशासारख्या विषयावर मी बोलावे हे धाडसच आहे. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी 'एक तारकागुच्छ' एवढेच सांगितले. ते म्हणाले, "एकच? तासभर पुरेल का?" पुरेल असे मला वाटते, कारण ह्या एका गुच्छाशी माझा अडतीस-एकोणचाळीस वर्षांचा हिशेब आहे आणि तो अगदी अलीकडे मिटला.

ह्या गुच्छाला नाव नाही, क्रमांक आहे: एन. जी. सी. २१००. ड्रायर नावाच्या ज्योतिर्विदाने १८८८ साली आकाशातील गुच्छ, अभ्रिका आणि दीर्घिका ह्यांची ७,८४० नोंदींची एक सूची प्रसिद्ध केली. तीतील ही एकविसशेवी नोंद. आमच्या खात्यात फायलीला क्रमांक पडला की तिला कायमचे अस्तित्व येते, तसेच हे. हा गुच्छ आपल्या आकाशगंगेतला नाही. आकाशगंगेच्या शेजारी दोन खुज्या दीर्घिका आहेत. मॅगेलनच्या १५१९ ते १५२२ च्या पृथ्वीप्रदक्षिणेतील खलाशांनी त्यांचे वर्णन युरोपात नेले, म्हणून त्यांना मॅगेलनी मेघ म्हणतात. दक्षिण गोलार्धातील लोक त्यांना हजारो वर्षे पाहातच होते, पण नाव पडले ते मॅगेलनचे. ह्यांपैकी मोठा मेघ आपल्यापासून सुमारे एक लाख साठ हजार प्रकाशवर्षे दूर आहे, लहान मेघ दोन लाखांच्या आसपास. आपला गुच्छ मोठ्या मेघात आहे.

आता आपणांपैकी कोणी म्हणेल की घरापासून इतके दूर आलेल्या आम्हांला आणखी दूरच्या गोष्टी कशाला सांगता? त्याचे उत्तर आपल्या पत्त्यात आहे. हा मेघ दक्षिण ध्रुवबिंदूपासून सुमारे वीस अंशांवर असल्यामुळे उत्तरेकडच्या माणसाला तो दिसत नाही. दिल्लीकराच्या क्षितिजावर तो कधीच येत नाही. नागपूरला तो क्षितिजाच्या रेषेला जेमतेम लागतो, म्हणजे न दिसण्यासारखाच. पुण्यामुंबईला दोन-अडीच अंश वर येतो आणि धुरळ्यात विरतो. आपल्या जे. पी. नगरात मात्र तो सुमारे आठ अंश वर येतो. हात लांब करून मूठ धरावी. मुठीची रुंदी साधारण दहा अंश भरते. म्हणजे दक्षिण क्षितिजावर मूठ टेकवली तर तिच्या आत मावेल एवढाच वर. पण येतो खरा. दिल्लीच्या माणसाला अगस्त्याचा तारा जेवढ्या उंचीवर दिसतो जवळपास तेवढ्याच उंचीवर आपल्याला हा मेघ. बदलीचा हुकूम हातात पडला तेव्हा घरभाडे भत्ता, मुलांच्या शाळा, पाण्याची टंचाई ह्या सगळ्याचा विचार मी केला होता. दक्षिणेच्या आकाशाची एक पट्टी अधिक मिळणार आहे हे कोणी सांगितले नव्हते.

अगस्त्याचे नाव निघालेच आहे. विंध्याला 'मी परत येईपर्यंत वाकून राहा' असे सांगून हा ऋषी दक्षिणेत आला आणि परत गेलाच नाही. बदलीवर येऊन कायम झालेला हा पहिला अधिकारी, असे आमच्या कार्यालयात गमतीने म्हणत असत.

माझे मूळ गाव वाई. वडील तेथे शाळेत शिक्षक होते. कृष्णेच्या घाटावर पायऱ्यांवर बसून त्यांनी आम्हां भावंडांना सप्तर्षी, ध्रुव, मृग, व्याध दाखवले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचे 'भारतीय ज्योतिषशास्त्र' घरात होते. ते त्यांनी कितीदा वाचले असेल कोण जाणे. १९८७ च्या फेब्रुवारीत, मी बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला असताना, वर्तमानपत्रात बातमी आली की मोठ्या मॅगेलनी मेघात एका ताऱ्याचा स्फोट झाला असून तो नुसत्या डोळ्यांना दिसतो आहे. २४ फेब्रुवारीला चिलीमधील वेधशाळेत तो प्रथम लक्षात आला. अशा ताऱ्याला अतिदीप्त नवतारा म्हणतात, आणि नुसत्या डोळ्यांना दिसेल असा नवतारा १६०४ नंतर प्रथमच प्रकटला होता. वडिलांनी बातमी कात्रीने कापून ठेवली आणि दिवेलागणीनंतर मला घेऊन घाटावर आले. अगस्त्य दिसत होता. त्याच्या खाली वैराटगडाची रांग काळीभोर उभी होती. वडील बराच वेळ तिकडे पाहात राहिले आणि म्हणाले, "आहे तो. डोंगराआड आहे."

आज मला ठाऊक आहे की डोंगर नसता तरी तो दिसला नसता. वाईहून तो तीन अंशही वर येत नाही आणि त्या दिवसांत पुरेसा तेजस्वीही झाला नव्हता. पण 'डोंगराआड' हा शब्द माझ्या मनात राहिला. त्याच दिवसांत येथून दीड-दोनशे किलोमीटरांवर, तामिळनाडूतील जवादी डोंगरांत कावलूरच्या वेधशाळेत, एक मीटर व्यासाची दुर्बीण क्षितिजापर्यंत वाकवून त्याच ताऱ्याचे वर्णपट घेतले जात होते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. वेणू बाप्पू ह्यांनी ही जागा निवडली तिच्या गुणांत तिचे अक्षांश आहेत: साडेबारा अंश उत्तर. तेथून उत्तरेचे आकाश तर सापडतेच, शिवाय दक्षिणेचेही बहुतेक सारे. ही वेधशाळा चालवणाऱ्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे मुख्यालय आपल्या कोरमंगलात आहे. आपण त्यावरून शेकडो वेळा गेलो असू.

ह्या संस्थेशी आपले पुण्याचेही एक नाते आहे, ते सांगितल्यावाचून राहवत नाही. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात कावसजी दादाभाई नाईगमवाला ह्या प्राध्यापकांनी १८८८ साली भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभारली. तीत वीस इंची परावर्ती दुर्बीण होती. त्या काळी भारतात एवढी मोठी दुर्बीण दुसरी नव्हती. १९१२ साली नाईगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि ती दुर्बीण कोडाईकॅनॉलला हलवण्यात आली. कोडाईकॅनॉलची वेधशाळाही पुढे ह्याच संस्थेचा भाग झाली. म्हणजे पुण्याहून दक्षिणेत बदली होऊन परत न गेलेल्यांच्या यादीत एक दुर्बीणही आहे.

आता मुख्य विषय. तारकागुच्छ म्हणजे काय? एकाच वायुमेघातून, जवळपास एकाच वेळी जन्मलेली ताऱ्यांची भावंडे. आपल्या ओळखीचा गुच्छ म्हणजे कृत्तिका. नुसत्या डोळ्यांना सहा-सात तारे दिसतात, प्रत्यक्षात हजाराच्या आसपास आहेत, आणि त्यांचे वय दहा कोटी वर्षांच्या सुमाराचे. अशा सैल बांधणीच्या गुच्छाला खुला गुच्छ म्हणतात. एन. जी. सी. २१०० त्याच जातीचा, पण ताऱ्यांनी कितीतरी अधिक भरलेला आणि वयाने फार लहान: सुमारे दीड कोटी वर्षांचा.

दीड कोटी वर्षे म्हणजे 'फार लहान', हे ऐकून आपण हसलात. माप कशाचे लावायचे एवढाच प्रश्न आहे. आपला सह्याद्री ज्या काळ्या पाषाणाचा आहे तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा म्हणून वाहात होता. लालबागेतील ज्या उघड्या खडकावर आपण रविवारी सकाळी मुलांना चढवतो, तो सुमारे तीनशे कोटी वर्षांचा. म्हणजे लालबागच्या त्या दगडापुढे आपला सह्याद्री कालचा, आणि सह्याद्रीपुढे हा तारकागुच्छ आजचा. दगड ताऱ्यांहून जुने असू शकतात ही कल्पना मला प्रथम पचलीच नव्हती.

मग त्याचे वय कळते कसे? तारे काही जन्मदाखला बाळगत नाहीत. येथे एक साधी युक्ती आहे आणि ती आम्हां हिशेबी लोकांना पटण्यासारखी आहे. ताऱ्याजवळ जन्मतः जेवढा वायू असतो ते त्याचे भांडवल. मोठ्या ताऱ्याचे भांडवल मोठे, पण त्याचा खर्च त्याहूनही बेसुमार. आपला सूर्य बेताने खर्च करणारा गृहस्थ आहे. त्याचे भांडवल सुमारे एक हजार कोटी वर्षे पुरते. सूर्याच्या दहापट भारी तारा दोन-अडीच कोटी वर्षांत दिवाळे काढतो, वीसपट भारी तारा एक कोटीच्या आतबाहेर. दिवाळे काढण्यापूर्वी असा तारा फुगतो, तांबडा होतो; त्याला तांबडा महाराक्षसी तारा म्हणतात. आता एखाद्या गुच्छातील सर्व तारे एकाच वेळी जन्मलेले असतील, तर कोणत्या वजनाचे तारे संपले, कोणते संपत आले आणि कोणते अजून मजेत आहेत एवढे पाहिले की वय निघते. एन. जी. सी. २१०० मध्ये असे डझनभराहून अधिक तांबडे महाराक्षसी तारे आहेत. त्यांच्याहून भारी होते ते स्फोट होऊन गेले, हलके आहेत ते निळे-पांढरे तेवत आहेत. युरोपीय दक्षिण वेधशाळेने चिलीतील ला सिया येथील दुर्बिणीतून घेतलेले ह्या गुच्छाचे छायाचित्र २०११ साली प्रसिद्ध झाले, त्यात निळ्या ताऱ्यांत मिसळलेले हे केशरी ठिपके स्पष्ट दिसतात. भोवती जो रंगीत धूर दिसतो तो गुच्छाचा स्वतःचा नव्हे. शेजारच्या टॅरंटुला तेजोमेघाचा आहे. स्वतःच्या जन्माचा वायू ह्या गुच्छाने केव्हाच उधळून लावला आहे.

टॅरंटुला म्हणजे मोठा कोळी. हा तेजोमेघ इतका प्रखर आहे की मृगातील तेजोमेघाच्या जागी, म्हणजे तेराशे-साडेतेराशे प्रकाशवर्षांवर आणून ठेवला, तर त्याच्या उजेडात पृथ्वीवर सावल्या पडतील. त्याच्या पोटात दोनेक कोटी नव्हे, दोनेक दशलक्ष म्हणजे वीस लाख वर्षांचा आणखी एक गुच्छ आहे. १९८७ चा तो नवताराही ह्याच परिसरातला. एकाच वाड्यात आजोबा, वडील आणि रांगते मूल असावे तसे हे आहे.

दूरच्या मेघातील गुच्छ अभ्यासायचे कशाला, जवळचे पुरेत की, असे मीही एकदा एका जाणकारांना विचारले होते. ते म्हणाले, "सिंहगडावरून रात्री पुण्याचे दिवे पाहिलेत का?" पाहिले होते. पुण्याच्या रस्त्यात उभे राहून कोणता दिवा मोठा आणि कोणता नुसताच जवळ हे कळत नाही. गडावरून मात्र सारे शहर जवळपास सारख्याच अंतरावर. तेथून जो दिवा मोठा दिसतो तो खरोखरच मोठा. मॅगेलनी मेघाचे नेमके हेच महत्त्व आहे. त्यांतील सर्व तारे आपल्यापासून जवळपास सारख्या अंतरावर.

ह्याचा लाभ जिने प्रथम घेतला त्या बाईंविषयी थोडे सविस्तर बोलू द्या. हेन्रिएटा लेव्हिट अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत काम करीत. काम म्हणजे कारकुनी. दक्षिण अमेरिकेत पेरू देशातील अरेकीपा येथे वेधशाळेचे ठाणे होते, तेथे काढलेल्या काचेच्या छायाचित्रपट्ट्या बोटीने येत आणि बायकांची एक तुकडी भिंगातून त्या तपासून ताऱ्यांच्या तेजाच्या नोंदी करी. पगार तासावर, तोही सेंटांत मोजण्याचा. लेव्हिटबाईंना ऐकूही कमी येई. त्यांनी मेघांतील १,७७७ रूपविकारी तारे, म्हणजे तेज कमीजास्त होणारे तारे शोधून १९०८ साली त्यांची यादी प्रसिद्ध केली. त्यांतील काहींचे तेज ठराविक दिवसांनी वाढते आणि उतरते. १९१२ साली लहान मेघातील अशा पंचवीस ताऱ्यांचा तक्ता मांडून त्यांनी दाखवले की ज्याचे चक्र लांब, तो तारा तेजस्वी. नियम इतका सरळ की शाळकरी मुलालाही कळावा. पण त्यामुळे प्रथमच विश्वाला गज मिळाला. चक्र मोजा, खरे तेज काढा, दिसणाऱ्या तेजाशी ताडून पाहा, अंतर हातात येते. देवयानी दीर्घिका आपल्या आकाशगंगेच्या पार बाहेर आहे हे पुढे हबलने सिद्ध केले ते ह्याच गजाने. १९२५ साली एका स्वीडिश गणितज्ञाने नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचवण्याच्या हेतूने पत्र लिहिले; तोवर त्यांना जाऊन तीन वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

माझ्या मनात जे रुतून बसले ते वेगळेच. ज्या केंब्रिज गावी बसून त्यांनी हे काम केले ते बेचाळीस अंश उत्तरेला आहे. तेथून हे मेघ कधीही क्षितिजावर येत नाहीत. त्याही डोंगराआडच्याच.

मेघांचा अभ्यास आता आपल्या शहरातही होतो. २०१५ च्या २८ सप्टेंबरला श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावर अतिनील किरणांची जी जोडदुर्बीण आहे, तिची जुळणी होसकोट्याच्या प्रयोगशाळेत झाली. तीत पुण्याच्या आयुकाचाही मोठा वाटा होता. लहान मेघाचे वेध तिने घेतले आहेत. खगोलभौतिकी संस्थेच्या संचालकपदी २०१९ साली आलेल्या अन्नपूर्णी सुब्रमणियम ह्यांनी तर मेघांतील गुच्छ आणि मेघांची रचना ह्यांवर वर्षानुवर्षे संशोधन केले आहे. त्या कामाचा तपशील सांगण्याचा माझा वकूब नाही.

एक गोष्ट मात्र लेखापरीक्षक म्हणून सांगतो. मोठ्या मेघातील गुच्छांची वयानुसार यादी केली तर तीन-चारशे कोटी वर्षांपर्यंतचे पुष्कळ गुच्छ सापडतात, आणि एक हजार कोटींच्या पलीकडचे म्हातारेही सापडतात. मधल्या दीर्घ काळातला मात्र जवळजवळ एकही नाही. अगदी मोजकेच गुच्छ त्या पोकळीत सापडले आहेत. नोंदवही चालू आहे, मधली पाने कोरी. कारणाविषयी मतभेद आहेत. मेघांच्या आपसांतील ओढाताणीने पुन्हा तारे जन्मू लागले असावेत असा एक तर्क आहे. आपल्या मंडळाच्या इतिवृत्ताच्या वह्यांतही मधल्या काही वर्षांची वही मिळत नाही, हे ह्या स्मरणिकेच्या संपादकांना ठाऊक आहेच. तेथे कारणाविषयी मतभेद नाहीत: घरे बदलताना ती हरवली.

आणखी एक. हे मेघ आपल्या आकाशगंगेभोवती अनादिकाळापासून फिरत असावेत अशी जुनी समजूत होती. २००६ च्या सुमारास हबल दुर्बिणीच्या मोजमापांवरून त्यांचा वेग अपेक्षेहून अधिक निघाला, आणि ते बहुधा प्रथमच आपल्याकडे आले आहेत असे पुष्कळ अभ्यासक मानू लागले. शेजारी म्हणून ज्यांना इतकी वर्षे धरले ते नवे पाहुणे निघाले.

त्याच २००६ सालची गोष्ट सांगायची आहे. आई गेल्यावर वडील आमच्याकडे राहावयास आले होते. वय शहात्तर. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आदल्याच वर्षी झालेली. एक दिवस त्यांनी ट्रंकेतून १९८७ चे ते कात्रण काढले आणि मला विचारले, "इथून दिसेल ना रे आता?" तारा केव्हाच विझला होता, पण मेघ होता. जानेवारीतील पौष अमावास्या रविवारी आली होती. अमावास्येच्या रात्री म्हाताऱ्या माणसाला माळावर नेण्यास घरातून विरोध झाला. तो वडिलांनीच मोडून काढला. कनकपुऱ्याच्या रस्त्याने आम्ही दोघे निघालो. त्या रस्त्याचा गुण असा की शहराचा उजेड पाठीशी राहतो. कनकपुऱ्याच्या पुढे एका मोकळ्या माळावर गाडी थांबवली, खुर्ची मांडली, शाल गुंडाळून वडिलांना दक्षिणेकडे तोंड करून बसवले. सव्वानऊ-साडेनऊला मेघ सर्वांत उंच येणार होता.

मी वाचनालयातून नकाशा उतरवून आणला होता. तो मी विजेरीच्या उजेडात पुन्हा पुन्हा पाहात होतो, घड्याळ पाहात होतो. सोमवारी सकाळी एका कार्यालयाची तपासणी सुरू व्हायची होती आणि माझे अर्धे चित्त तेथे होते. अगस्त्याच्या बरोबर खाली मी नजर लावली. क्षितिजाजवळ फिकट धुरकटपणा होता, बाकी काही नाही. साडेनऊच्या सुमारास वडील शांतपणे म्हणाले, "दिसला." मी म्हणालो, "कुठे?" ते म्हणाले, "अगस्त्याच्या खाली, मूठभर उजवीकडे. फळा पुसल्यावर खडूचा डाग राहतो ना, तसा." मी पाहिले. मला दिसला नाही. आणि मी म्हणालो, "अप्पा, तुम्हांला भास झाला असेल. डोळ्यांचं नुकतंच झालंय ना." ते काही बोलले नाहीत. पावणेदहाला मी खुर्ची मिटली. परतताना त्यांनी गाडीत तपासणीविषयी विचारले, मी त्याची उत्तरे दिली. त्याच वर्षी पावसाळ्यात ते गेले.

आमच्या खात्यात एक शिस्त असते. आक्षेप घ्यायचा तर पुराव्यानिशी, आणि उलट पुरावा आला की तो मागे घ्यायचा. तो उलट पुरावा माझ्याकडे एकेक करून येत गेला. प्रथम एका नेत्रतज्ज्ञांनी सहज सांगितले की म्हातारपणी डोळ्यातील भिंग पिवळे पडते आणि फिका, निळसर उजेड अडवते. मोतीबिंदू काढल्यावर तो उजेड आत येऊ लागतो. म्हणजे ज्या शस्त्रक्रियेचा मी त्यांच्याविरुद्ध हवाला दिला ती त्यांच्या बाजूची साक्ष निघाली. मग वाचनात आले की अंधाराला डोळे सरावण्यास अर्धा तास लागतो आणि विजेरीची एक झोत ती सारी कमाई घालवते. वडील तासभर एकाही दिव्याकडे न पाहता बसले होते. विजेरी माझ्या हातात होती. शेवटी एका दिवशी मी गणित मांडून पाहिले. मेघ मध्यावर येतो तेव्हा अगस्त्याला मध्यावर येण्यास अजून तासभर असतो. त्यामुळे तो डावीकडे असतो आणि मेघ त्याच्या उजव्या अंगाला, खाली, सुमारे दहा अंशांवर. दहा अंश म्हणजे एक मूठ. मी चुकीच्या जागी पाहात होतो.

तरीही खात्री होईना. आठ अंशांच्या उंचीवर ताऱ्याचा प्रकाश डोक्यावरच्यापेक्षा सातपट हवेतून येतो. एवढ्या गाळणीतून तो डाग एका वृद्ध माणसाला दिसला असेल?

माझी मुलगी मेलबर्नला असते. २०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही उभयता तिच्याकडे गेलो होतो. तेथे हा मेघ मावळतच नाही. ध्रुव मात्र कधीच दिसत नाही, सप्तर्षी पुरते वर येत नाहीत आणि मृग उलटा टांगलेला असतो. अमावास्येच्या सुमारास जावई आम्हांला शहरापासून दोन तासांवर एका गावी घेऊन गेले. गाडीतून उतरलो आणि मान वर केली. तो होता. नकाशा नको, मोजमाप नको. फळा पुसल्यावर खडूचा डाग राहतो तसा. मी आयुष्यात अनेक वर्णने वाचली, पांढरा ढग, कापूस, धूर. पण ते पाहताना वडिलांचेच शब्द आठवले, कारण ते त्याला नेमके लागू पडत होते, आणि ते त्यांनी पुस्तकातून घेतले नव्हते.

जावयांच्या परिचयाच्या एका गृहस्थांची सहा इंची दुर्बीण होती. त्यांनी कोळ्याचा तेजोमेघ लावून दिला आणि मग दुर्बीण किंचित सरकवून म्हणाले की हा दुसरा गुच्छ. लहानसा, दाट, मध्ये उजळ. एन. जी. सी. २१००. आठ वर्षांचा नातू शेजारी उभा होता. त्याने विचारले, "आजोबा, हे वाईहून दिसतं का?" मी सांगितले की नाही, डोंगर आहे. "आणि बंगळूरहून?" मी म्हटले, "तुझ्या पणजोबांनी पाहिलं होतं."

अशा रीतीने तो आक्षेप मी मागे घेतला. तसे पत्र पाठवण्याचा पत्ता मात्र आता राहिलेला नाही.

पुढच्या वर्षी मी निवृत्त होतो. वाईचे घर धाकट्या भावाने नीट ठेवले आहे, तो बोलावतो. मुलगी तिकडे बोलावते. आणि पंचवीस वर्षांहून अधिक काळ येथे काढल्यावर जे. पी. नगर सोडवत नाही. काय करायचे ते अजून ठरलेले नाही, आणि ते ठरवणे हा ह्या व्याख्यानाचा विषयही नाही.

विषय एवढाच की पौष अमावास्येला दक्षिणेकडे जायचे आहे. २००६ साली जो माळ अंधारा होता तेथपर्यंत आता वस्तीचे दिवे पोचले आहेत, आणि माझ्या गच्चीच्या दक्षिणेला बारा मजली इमारत उभी आहे. तेव्हा कनकपुऱ्याच्याही बरेच पुढे जावे लागेल. एक लहान बस ठरवण्याची तयारी चिटणीसांनी दाखवली आहे. येणाऱ्यांनी आपली नावे आजच त्यांच्याकडे द्यावीत. थंडी असते, शाल आणावी, थर्मासमध्ये चहा आणावा. ज्येष्ठ मंडळींसाठी खुर्च्या मी आणतो. विजेरी मात्र कोणीही आणू नये, आणि आणलीच तर ती माझ्याकडे द्यावी. मी ती बसमध्ये ठेवीन.